चिट्टीनं न वाचलेलं पान

‘२.०’ हा चित्रपट २९ नोव्हेंबर २०१८ रोजी, गुरुवारी प्रदर्शित झाला. मी तो रविवारी पाहिला, कारण गुरुवारी दुकान बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. गगनबावड्याहून कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर. सकाळची एसटी, बरोबर पुतण्या, खिशात आदल्या दिवशी काढून ठेवलेले पैसे. माझं वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं. त्या वयाच्या माणसानं यंत्रमानवाचा सिनेमा बघायला एवढा खटाटोप करावा याचं घरात हसू झालं. पण मी रजनीकांतचा प्रेक्षक आहे तो ‘अंधा कानून’पासून, म्हणजे १९८३ पासून. शिवाजीराव गायकवाड या नावाचा बंगळूरच्या मराठी घरातला मुलगा, आधी बसचा कंडक्टर आणि १९७५ नंतर तमिळ पडद्यावरचा नट, ही गोष्ट आमच्या पिढीला तोंडपाठ होती. तो आपला आहे, असं आम्ही तेव्हा उगाचच धरून चालायचो. त्याचे तमिळ संवाद कळत नव्हते, तरी.

या लेखात मी त्या सिनेमाविषयी लिहिणार आहे आणि त्याच्यामुळे मी केलेल्या एका चुकीविषयीही. दोन्ही वेगळं काढता येत नाही.

आधी पहिला भाग. ‘एंदिरन’ (हिंदीत ‘रोबोट’) १ ऑक्टोबर २०१० ला आला. दिग्दर्शक शंकर. संवादलेखनात सुजाता या टोपणनावानं लिहिणारे तमिळ लेखक एस. रंगराजन यांचा मोठा वाटा होता. हे गृहस्थ पेशानं अभियंते. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असताना मतदान यंत्राच्या निर्मितीवर त्यांनी काम केलं होतं. २००८ मध्ये ते वारले, सिनेमा पूर्ण झालेला त्यांनी पाहिला नाही. ‘एंदिरन’मध्ये गाणी आहेत, मारामाऱ्या आहेत, डास पकडण्याचा एक अतर्क्य प्रसंगही आहे. पण त्याच्या पोटात एक खराखुरा प्रश्न आहे. आगीत अडकलेल्या माणसांना चिट्टी बाहेर काढतो. त्यांत आंघोळ करत असलेली एक मुलगी असते. तो तिला तशीच सगळ्यांसमोर आणून ठेवतो. मुलगी लाजेनं पळत सुटते आणि गाडीखाली जाते. जीव वाचवायचा हा नियम यंत्रानं पाळला, लाज म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. तिथून पुढे त्याला भावना द्यायच्या की नाहीत, दिल्या तर तो माणसासारखाच बिघडेल का, हा सगळा पेच उभा राहतो. शेवटी न्यायालय त्याला मोडीत काढायचा आदेश देतं आणि चिट्टी स्वतःच्या हातानं स्वतःचे भाग सुटे करतो. त्या प्रसंगाला मी अंधारात डोळे पुसले होते. पंचवीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला यंत्र उघडताना बघून रडू येतं, हे सांगायला मला आज काही वाटत नाही.

म्हणून दुसऱ्या भागाकडून अपेक्षा होत्या. ‘२.०’चा खर्च पाचशे कोटींच्या वर गेल्याचं तेव्हा छापून येत होतं. आपल्याकडचे बरेचसे ‘थ्रीडी’ सिनेमे साध्या कॅमेऱ्यानं चित्रित करून नंतर संगणकावर खोलवट केले जातात. हा मात्र दोन भिंगांनी, थेट त्रिमित चित्रित केलेला होता. फरक जाणवतो. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळं चित्र दिसतं आणि मेंदू त्या फरकातून खोली मोजतो. दोन कॅमेरे हेच करतात. सुरुवातीलाच चेन्नईतल्या माणसांच्या हातातले मोबाइल फोन सुटून आभाळाकडे उडू लागतात तेव्हा आमच्या रांगेतल्या तिघा-चौघांनी खिशावर हात ठेवला. मीही ठेवला.

मग त्या फोनांचा थवा होतो. रस्ता फोनांनी भरतो, ते खवल्यांसारखे एकमेकांवर सरकतात, झाडावर चढतात, शेवटी त्यांचा एक अजस्र पक्षी बनतो. हा थवा मला सिनेमातला सर्वांत चांगला नट वाटला. संगणकावर थवा हलवण्याच्या विद्येचा उगम पक्ष्यांत आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. अमेरिकेत क्रेग रेनल्ड्स या संगणकतज्ज्ञानं १९८७ मध्ये एक निबंध मांडला. त्यानं प्रत्येक पक्ष्याचा मार्ग आखला नाही. प्रत्येकाला तीनच नियम दिले: शेजाऱ्याला धडकू नकोस, शेजारी ज्या दिशेनं चाललेत त्या दिशेनं चाल, आणि घोळक्यापासून फार लांब जाऊ नकोस. एवढ्यावर पडद्यावर थवा आपोआप वळू लागला, फुटू लागला, पुन्हा जुळू लागला. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’मधली वटवाघळं याच कुळातली, आणि त्यानंतर सिनेमात दिसलेल्या कितीतरी झुंडींमागे हाच विचार आहे. संध्याकाळी आमच्या ऊसपट्ट्यावर साळुंक्यांचे आणि भोरड्यांचे थवे वळतात ते मी आता वेगळ्या नजरेनं पाहतो.

फोनांच्या पक्ष्यामागे असतो पक्षीराजन. ही भूमिका अक्षयकुमारनं केली आहे. म्हातारा पक्षिशास्त्रज्ञ, चष्मा, पांढरी दाढी, सलीम अलींची आठवण यावी असा किरकोळ देह. त्याच्या डोळ्यांदेखत पक्षी मरतात. मोबाइल टॉवरच्या लहरींमुळे मरतात, अशी त्याची खात्री आहे. कंपन्या, मंत्री, न्यायालय, सगळीकडे तो हात जोडून फिरतो. कोणी ऐकत नाही. अखेर तो टॉवरवरच गळफास घेतो आणि मेलेल्या पक्ष्यांच्या आभेत मिसळून सूड घ्यायला परततो. त्याच्या पूर्वायुष्याचा हा भाग अर्धा तासही नसेल. पण तेवढ्यात प्रेक्षागृह शांत झालं होतं. पुतण्या कानात म्हणाला, “काका, ह्यो व्हिलन न्हाई, ह्यो तर बराबर हाय.” मला तेच वाटत होतं.

गाडी तिथेच रुळावरून घसरते. त्याला थांबवायला डॉ. वसीगरन चिट्टीला पुन्हा जोडतो. पहिल्या भागात माणूस होऊ पाहणारा चिट्टी इथे फक्त हत्यार आहे. मग लाल चिपवाला ‘२.०’ येतो, प्रेक्षागृहात शिट्ट्या पडतात (मीही वाजवली, खोटं कशाला बोलू), हातभर उंचीचे छोटे रजनीकांत कबुतरांवर बसून येतात, फुटबॉलच्या मैदानात दोन राक्षस एकमेकांवर आदळतात. पक्ष्यांसाठी जीव दिलेल्या माणसाला हरवायला कबुतरांनाच ओलीस धरतात, ही कल्पना क्रूर आहे आणि कुणाच्या तरी हाती पडली असती तर मोठीही झाली असती. सिनेमा ती गंमत म्हणून वापरतो. शेवटी वसीगरन मंत्र्याला सांगतो की पक्षीराजनचं म्हणणं बरोबर होतं, वापराला मर्यादा हवी. म्हणजे मारायचा तो माणूस मारला, आणि त्याचं मत मान्य केलं.

परतीच्या एसटीत माझी चाहत्याची तक्रार एवढीच होती की चिट्टीला काम दिलं नाही. खरी तक्रार सुचायला तीन वर्षं लागली.

मधे जे झालं ते असं. सिनेमा प्रदर्शित होण्याच्या सुमारास मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनं सेन्सॉर मंडळाकडे तक्रार केली होती की, चित्रपट टॉवर आणि फोनविषयी अवैज्ञानिक समज पसरवतो. ही बातमी वाचून माझी उलटीच खात्री पटली. कंपन्या चिडल्या म्हणजे खरं असणार. २६ जानेवारी २०१९ ला आमच्या गावची ग्रामसभा होती. वाडीच्या वरच्या सड्यावर टॉवर उभारायचा एक प्रस्ताव आला होता. गावात माझी ओळख ‘रेडिओवाले अण्णा’ अशी. लहरींचं मला कळतं, असा लोकांचा समज. मला बोलायला सांगितलं आणि मी बोललो. पक्षी मरतात, चिमण्या गेल्या त्या यामुळेच, पाच मिनिटं बोललो. लोकांनी सिनेमा पाहिलेला होता. हात वर झाले, प्रस्ताव मागे पडला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यात महापूर आला. आमच्या तालुक्याला पाऊस नवा नाही, वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतोच, पण ते आठ-दहा दिवस वेगळे होते. एका रात्री शेजारच्या सुनेला अवेळी कळा सुरू झाल्या. वाडीत कोणत्याच कंपनीची रेंज नाही. सड्यावर एक जांभ्याचा खडक आहे, त्याला आम्ही ‘रेंजचा दगड’ म्हणतो. त्याच्यावर उभं राहिलं तर एक-दोन कांड्या येतात. तिचा दीर त्या पावसात, अंधारात, डोक्यावर इरलं घेऊन तिथवर चढला. १०८ ला फोन लागायला त्याला पाऊण तास गेला असं तो म्हणाला. गाडी आली, बाळंतीण सुखरूप सुटली, मुलगी आज शाळेत जाते. मला कोणी एक शब्द बोललं नाही. न बोलण्यातही बोलणं असतं.

मी वाचायला बसलो तो त्यानंतर. माझं शिक्षण आयटीआयपर्यंत, इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचण्याइतपत. पण लहरी हा माझ्या पोटापाण्याचा विषय. मला लाज वाटली ती याची की मी दुकानात रोज जे तपासतो ते ग्रामसभेत तपासलं नव्हतं. बंद सेट आला तर मी आधी मीटर लावतो, मग बोलतो.

तर मीटर लावूया. मोबाइलच्या लहरी आणि उजेड ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत, फरक वारंवारितेचा. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरीचा एक कण डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाच्या कणापेक्षा साधारण पाच लाख पटींनी दुबळा असतो. क्ष-किरण रेणू फोडू शकतात, या लहरी फोडू शकत नाहीत. त्यांचा नक्की माहीत असलेला परिणाम एकच, तो म्हणजे ऊब. आणि ऊब किती, हे अंतरावर ठरतं. टॉवरच्या अँटेनापासून तिच्या मुख्य झोताच्या दिशेनं जाणारी शक्ती एक हजार वॅटच्या दिव्याइतकी धरली, तर पन्नास मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे ०.०३ वॅट पोचते. अंतर दुप्पट केलं की ती चौथाई होते. भर दुपारचं ऊन याच मापात हजार वॅटच्या आसपास असतं. भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती ०.४५ वॅट होते. शिवाय झोत आडवा जातो, टॉवरच्या पायथ्याशी तो जवळपास नसतोच. अँटेनाच्या अगदी तोंडाशी बसलेल्या पक्ष्याची गोष्ट वेगळी, पण चिमण्या तिथे घरटी करत नव्हत्या.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट तर मला आधीच आठवायला हवी होती. दूरदर्शनची मोठी प्रक्षेपण केंद्रं दहा-दहा किलोवॅटची असायची आणि टीव्हीच्या ‘यूएचएफ’ लहरी मोबाइलच्या अगदी शेजारच्या पट्ट्यातल्या. ज्या काळात छतांवर टीव्हीचे अँटेना दाटीनं उभे होते त्या काळात त्याच अँटेनांवर चिमण्या रांगेनं बसायच्या.

विरुद्ध बाजूही मी शोधली, नाहीतर ती पुन्हा सिनेमासारखीच एकतर्फी बैठक झाली असती. २००७ मध्ये स्पेनमधल्या वायादोलिद शहरात आणि बेल्जियममध्ये झालेल्या दोन पाहण्यांत, जिथे लहरींची तीव्रता जास्त तिथे चिमण्या कमी, असं दिसलं होतं. पक्षीराजनच्या बाजूनं देण्यासारखा सर्वांत चांगला पुरावा हाच. पण टॉवर जिथे दाट असतात तिथे सिमेंटही दाट असतं, गाड्या असतात, झुडपं नसतात. यांपैकी कशानं चिमणी गेली हे अशा मोजणीतून वेगळं काढता येत नाही. आपल्या पर्यावरण मंत्रालयानं २०१० मध्ये, बीएनएचएसचे तत्कालीन संचालक डॉ. असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं नऊशेहून अधिक शोधनिबंध जमवले. त्यांतले बहुतेक माणसांवरचे, पक्ष्यांवरचे थोडके. वर्तमानपत्रांत मात्र आकडा सगळा पक्ष्यांच्या नावावर गेला.

लहरींचा पक्ष्यांवर परिणाम होतो याचा सर्वांत भक्कम पुरावा मला सापडला तो जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठात, आणि तो वाचून मी हसलो. तिथले संशोधक रॉबिन या छोट्या स्थलांतरी पक्ष्यावर काम करत होते. हा पक्षी पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा ओळखतो. विद्यापीठाच्या आवारातल्या लाकडी खोपट्यांत त्यांचे रॉबिन दिशा विसरत होते. खोपट्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडले, आणि पक्षी लगेच ताळ्यावर आले. पत्रे जमिनीपासून तोडले की पुन्हा गोंधळ. अनेक वर्षं उलटसुलट तपासून त्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापला. गोंधळ घालणाऱ्या लहरी ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झमधल्या होत्या. मोबाइल याच्या फार वर. या पट्ट्यात येतो मीडियम वेव्ह रेडिओ आणि विजेच्या उपकरणांची खरखर. म्हणजे आरोपी सापडलाच तर तो माझ्या दुकानातल्या फळीवर बसलेला होता. या लहरींनी पक्षी मरत नाही, वाट चुकतो, आणि तेही शहरी गोंगाटात. गावाबाहेर नेलेले रॉबिन बिनपत्र्याचेही नीट दिशा धरत होते.

मग चिमण्या गेल्या कशानं? हा प्रश्न मला पुढे ग्रामसभेतच विचारला गेला, पण उत्तर इथे सांगतो. आधी, त्या कुठे गेल्या? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा हजारांहून जास्त पक्षिनिरीक्षकांनी नोंदवलेली एक कोटीहून अधिक निरीक्षणं त्याच्या मागे आहेत. त्यानुसार देशभरात मिळून चिमणीची संख्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर आहे. घट आहे ती बंगळूर, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, कोलकाता, मुंबई या महानगरांत. टॉवरच्या लहरींना दोषी धरण्यासारखा पुरावा नाही, असंही तो म्हणतो. इंग्लंडात चिमण्यांची मोठी घसरण सुरू झाली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस, तिथली मोबाइल सेवा १९८५ ची. त्याहीआधी, १९२० च्या दशकात, शहरांतून घोडागाड्या जाऊन मोटारी आल्या तेव्हा एकदा चिमण्या घटल्या होत्या. घोड्याच्या तोबऱ्यातून सांडणारं धान्य बंद झालं ना. चिमणी दाणे खाते हे खरं, पण पिलाला पहिले काही दिवस किडे-अळ्या लागतात. लेस्टर शहरातल्या अभ्यासात पिलं उपाशी मरताना दिसली ती याच कारणानं, आवारात किडेच उरले नव्हते.

नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी चिमणीसाठी केलेलं काम मला म्हणून मोलाचं वाटतं. त्यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस झाला. लाकडी घरटी, पाण्याची भांडी, देशी झुडपं, असल्या साध्या गोष्टींसाठी त्यांनी लोकांना हलवलं. टॉवरविरुद्ध घोषणा देण्यापेक्षा हे काम कंटाळवाणं असतं, हे मी स्वानुभवावरून सांगतो.

तारखा जुळल्या म्हणून कारण जुळत नाही, हे मला गिधाडांनी शिकवलं. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. नेमक्या त्याच दशकात गिधाडं नाहीशी झाली. आमच्या गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा होती. लहानपणी तिथे गिधाडांची रांग बसायची, मान पिसांत खुपसून. नव्वदच्या दशकाअखेर तिथे फक्त कुत्री उरली. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात भारतात ९९.९ टक्के घटली. पक्षीराजनला याहून मोठा खटला मिळाला नसता, आणि कोणी टॉवरला दोष दिला असता तर तेव्हा कोणी हसलंही नसतं. पण काही संशोधकांनी मेलेली गिधाडं उघडून पाहिली. आतल्या अवयवांवर पांढरी पुटं होती, युरिक आम्लाची. म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाली होती. पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कारण जाहीर केलं. ते होतं डायक्लोफिनॅक, जनावरांच्या दुखण्यावर सर्रास दिलं जाणारं औषध. औषध दिलेलं जनावर मेलं की ते गिधाडाच्या पोटात जायचं. २००६ मध्ये भारतानं त्याच्या पशुवापरावर बंदी घातली. कारण खरं होतं म्हणून इलाज करता आला. लहरींमागे लागलो असतो तर टॉवर पाडून झाले असते आणि गोठ्यातलं इंजेक्शन चालूच राहिलं असतं.

आता चाहत्याची खरी तक्रार. पहिल्या भागात चिट्टी पुस्तकांच्या पानांवरून नजर फिरवतो आणि सगळं त्याच्या स्मरणात जातं. असा यंत्रमानव दुसऱ्या भागात पक्षीराजनसमोर उभा आहे. समोरचा सांगतो आहे, अमुक लहरींनी पक्षी मरतात. चिट्टीला हे तपासायला क्षणही लागला नसता. गिधाडांची शवविच्छेदनं, ओल्डेनबर्गची खोपटी, लंडनचे घोडे, सगळं त्याच्या पोटात असणार. तो म्हणाला असता, महाराज, तुमचं दुःख खरं आहे, आरोपी चुकला. मग तो म्हातारा काय करता? त्याचा सूड कुणाकडे वळला असता, कीटकनाशकाकडे, सिमेंटकडे, की आमच्याकडे? असा सिनेमा मी चार वेळा पाहिला असता. सुजाता हयात असते तर त्यांनी हे पान सोडलं नसतं, असं मला वाटतं. पण हा निव्वळ चाहत्याचा हट्ट समजा. शंकरनं चिट्टीला एक प्रश्नही विचारू दिला नाही, त्याच्या हातात बंदुका दिल्या. आणि मी ग्रामसभेत काय वेगळं केलं?

सिनेमात जे बरोबर आहे तेही सांगितलं पाहिजे. पक्षी कमी होत आहेत, हे बरोबर आहे. त्याच २०२० च्या अहवालातला एक आकडा आमच्या दाराशी येऊन बसतो. फक्त पश्चिम घाटात सापडणाऱ्या पक्ष्यांचा विपुलता निर्देशांक २००० पासून जवळपास ७५ टक्क्यांनी खाली आला आहे. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बाहेर येऊन बसलो. आम्ही चिमणीसाठी भांडत होतो, जी गावाकडे बऱ्यापैकी टिकून आहे. जंगलातल्यांसाठी कोणी सिनेमा काढला नाही. धनेशाचंच घ्या. मादी जुन्या, उंच झाडाच्या ढोलीत जाऊन बसते, तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. नर आठवडेच्या आठवडे उंबर-वडाची फळं आणून भरवतो. ढोली धरण्याइतकं झाड व्हायला माणसाचं एक आयुष्य पुरत नाही. तोडायला एक दुपार पुरते. इथे लहरींचा प्रश्नच येत नाही, कारण या झाडांपाशी रेंजही नसते.

२०२२ च्या एका ग्रामसभेत टॉवरचा विषय पुन्हा निघाला. मी उभा राहिलो आणि सांगितलं की मागच्या वेळी मी बोललो ते चूक होतं. कारणं सांगितली, गिधाडांचं सांगितलं. सभा जरा चुळबुळली. मागून एक आजी म्हणाल्या, “मग चिमन्या गेल्या कशानं, आण्णा? आमच्या घरातल्या तर गेल्याच की.” मी विचारलं, “आक्का, घर कधी बांधलं?” त्यांनी सांगितलं ते साल त्यांच्या लेकानं कौलं उतरवून स्लॅब टाकल्याचं होतं. लोक हसले, आजी हसल्या नाहीत. त्यांना उत्तर नको होतं, चिमण्या हव्या होत्या.

टॉवर दीड वर्षानं उभा राहिला. मी वहीत नोंदी ठेवतो, आठवड्यातून एकदा, सकाळी. शास्त्र म्हणावं असं त्यात काही नाही, एका माणसाची एका वाडीतली वही आहे. तिच्यात एक गोष्ट सारखी दिसते. टॉवरपासूनचं अंतर काहीही असो, ज्या घरावर अजून कौलं आहेत आणि आढ्याखाली फट आहे, अंगणात भात वाळत पडतं, परड्यात गवत आहे, त्या घरात चिमणी आहे. स्लॅबच्या गुळगुळीत भिंतीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्यानं घर उतरवायला काढलं. कौलं गळतात, माकडं फोडतात, दरवर्षी झडी बांधायला माणूस मिळत नाही. त्याचं सगळं खरं आहे. पाया भरताना मी त्याला म्हणालो की पूर्वेकडच्या भिंतीत, तुळईच्या खाली, मूठभर आकाराची दोन भोकं ठेव. त्यानं गवंड्याकडे पाहिलं, गवंड्यानं माझ्याकडे.

“ठेवतो काका,” तो म्हणाला. “पण पावसात तिथनं वल आली तर शिडी लावून तुम्हीच बघायचं.”